मिस्त्रींच्या गाठी

प्रिय ईरा आणि निहार,

मागच्या खेपेस तुम्ही कोल्हापूरला आलात तेव्हा मी ब्रेक दाबला की आपल्या गाडीचा हॉर्न वाजायचा. दसरा चौकात वाहतूक पोलिसाने वळून पाहिले आणि तुम्ही मागच्या सीटवर हसून लोळलात. तसे का होत होते, हे तुम्ही परत गेल्यावर मला कळले. पण मी एका माणसाला शब्द दिला होता, म्हणून कुणाला सांगितले नाही. तो माणूस गेल्या महिन्यात वारला. लिहू का, असे मी त्याच्या मुलीला विचारले. ती म्हणाली, "लिवा की. आता कुणाचं काय जातंय?"

सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणत. मीही तेच म्हणते.

उद्यमनगरात त्यांची पत्र्याची शेड होती. गाडी थांबली की ते आधी बॉनेटवर तळहात ठेवायचे, ताप आलेल्या मुलाच्या कपाळावर ठेवावा तसा. मी तक्रार सांगू लागले की म्हणायचे, "गप ऱ्हावा, बाई. तुमचं झालं. आता तिचं ऐकूया."

तिचे ऐकण्यासारखे पुष्कळ असे. एका आठवड्यात उभ्या उभ्या बॅटरी उतरायची, दुसऱ्या आठवड्यात भर उन्हात वायपर आपोआप चालू व्हायचा. आजोबा गेल्यानंतर तुमच्या बाबाने फोनवर सांगितले, "आई, विकून टाक. गाडीच्या किमतीपेक्षा दुरुस्तीच जास्त होतेय." त्याचे चूक नव्हते. एका मोठ्या गॅरेजने सगळे वायरिंग बदलायचा जो आकडा सांगितला, त्यात अशीच दुसरी जुनी गाडी आली असती. पण दर गुरुवारी मी वारणानगरला माझ्या अंथरुणाला खिळलेल्या बहिणीकडे जाते. स्वतः चालवत, कुणाला न विचारता. गाडी गेली असती तर ते विचारणे सुरू झाले असते. म्हणून मिस्त्री ती चालती ठेवतात की नाही, यावर माझे बरेच काही अवलंबून होते.

मी कॉलेजात इंग्रजी शिकवत होते, हे त्यांनी पहिल्याच दिवशी काढून घेतले. मग स्टिअरिंगखाली डोके घालून हाक मारायचे, "बाई, जरा वाकून बगा. हिला विंग्रजीत काय म्हनत्यात?"

"ग्रीन."

"आन् ही?"

"ब्राउन."

"ग्रीन, ब्राउन. झ्याक!"

या वयात शिकायची हौस आहे, याचे मला कौतुक वाटे. प्रगती मात्र यथातथाच होती. दर वेळी तेच शब्द, तोच प्रश्न. मी एका कार्डावर सगळे शब्द ओळीने लिहून दिले. त्यांनी ते कपाळाला लावून खिशात ठेवले आणि पुढच्या खेपेला पुन्हा विचारले, "हिला काय म्हनत्यात?" जोडलेल्या वायरीला ते पांढऱ्या दोऱ्याच्या गाठी मारत, कुठे एक, कुठे दोन, कुठे तीन. मला ती टापटीप आवडे.

तुम्ही यायच्या आधी एकदा काम चालू असताना माझा फोन वाजला. बहिणीची तब्येत बिघडली होती, म्हणून मी बाहेर जाऊन बराच वेळ बोलत राहिले. परत आले तर काम झाले होते. "आज शाळा बुडाली," मी म्हटले. ते हसले नाहीत. तेव्हापासून ब्रेकवर हॉर्न.

तुम्ही गेल्यावर मी गाडी घेऊन गेले. माझी दुरुस्तीची कागदपत्रे तांबड्या फायलीत असतात आणि विम्याची हिरव्या. मी म्हटले, "मागच्या सीटवरची तांबडी फाईल द्या." त्यांनी दोन्ही उचलल्या, दोन्ही निरखल्या आणि हिरवी दिली.

"ही नव्हे."

"व्हय की. डोळं म्हातारं झालं, बाई."

तिथेच सोडून देता आले असते. पण जन्मभर पेपर तपासलेत मी. मी साडीचा पदर पुढे केला. "मिस्त्री, हा रंग कुठला?"

त्यांनी पदराकडे पाहिले. मग समोरचा टायरवाला ऐकतोय का ते पाहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "शाळा सुटली म्हनायची."

लाल, हिरवा, तपकिरी त्यांना जन्मापासून एकच दिसत. "जुन्या गाड्यांत वायरी मळून समद्या एकाच रंगाच्या. तितं म्या राजा. ह्या असल्या रंगीबेरंगी वायरींच्या गाड्या आल्या आन् पंचाईत झाली."

"आणि हॉर्न?"

"त्यो माजाच. तुमी फोनवर गेलासा." मग म्हणाले, "बाई, हे पलीकडं कळलं तर उद्यापास्नं माज्याकडं सायकलबी येनार न्हाय."

मला राग आला होता, तरी कुणाला सांगणार नाही असा शब्द मी दिला. तांबड्या फायलीतले किती बिघाड गाडीचे आणि किती त्यांचे, असे मी सरळ विचारले. "दोन माजं," ते म्हणाले. "बाकी तिचं." मी विश्वास ठेवला. पडताळून पाहायचा मार्ग नव्हता, आणि दुसरा मिस्त्री शोधायचा तर गाडी विकणेच बरे होते.

दुसऱ्या दिवशी मी टॉर्च, चष्मा आणि बसायला पाट घेऊन गेले. त्यांनी पॅनेल काढले. मी एकेक वायर बोटाने धरून सांगत गेले. तांबडीला एक गाठ, हिरवीला दोन, तपकिरीला तीन. रेघ असेल तर चिंधी.

"रेघ पांढरीच न्हवं? पिवळी न्हाय?"

"तुम्ही आता माझी परीक्षा घेताय?"

"मग! मास्तर बदाललाय."

समोरून टायरवाला ओरडला, "काय मिस्त्री, बाईंस्नी कामाला ठिवलंय व्हय?"

"विंग्रजी शिकतोय! तुला एबीशीडी तरी येती का रं?"

मी मोठ्याने म्हटले, "ग्रीन!" मिस्त्रींनी त्याहून मोठ्याने म्हटले, "ग्रीन!" आणि दोन गाठी मारल्या. त्या दिवसाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. हॉर्न गप्प झाला. त्यानंतर जे बिघडले ते वयामुळे.

पुढे ते दम्याने थकले आणि कोडोलीला मुलीकडे राहायला गेले. वारणानगरच्या वाटेवरच म्हणून मी गुरुवारी तिथे थांबत असे. ते काठी टेकत बाहेर यायचे, माझ्याशी बोलण्याआधी बॉनेटवर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "बरी हाय ही." गेल्या महिन्यात थांबले तेव्हा दारात कुणी आले नाही. मुलगी आतून डोळे पुसत आली.

उद्यमनगरातल्या त्या शेडमध्ये आता सीटकव्हरचे दुकान आहे. मागच्या आठवड्यात फ्यूज गेला म्हणून मी नव्या गॅरेजात गेले. तिथल्या कारागिराने पॅनेल उघडून विचारले, "मॅडम, ह्या दोऱ्या कसल्या? काढून टाकू?"

मी नको म्हटले.

गाडी अजून माझ्याकडे आहे. गुरुवारी वारणानगरला जाते. स्टिअरिंगखाली सगळ्या गाठी जागच्या जागी आहेत.