वलणीच्या काठीचा चढ

बायकोला सरळ रेघेचा चढ शिकवताना मी वजाबाकी उलटी केली, आणि तीसुद्धा तिच्या पेपराला चार दिवस उरलेले असताना.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस. लालबागला कर्फ्यू होता. गिरण्यांचे भोंगे गप्प, रस्ता रिकामा. दुपार इतकी लांबलेली, की आमची चाळ कुठेतरी तरंगत निघालीय असं वाटायचं. हिचा शिकवणीचा वर्ग बंद पडला होता. मॅट्रिकला गणितात ती एकदा नापास झाली होती. या खेपेलाही झाली तर पुस्तकं माळ्यावर टाकायची, असं तिनंच ठरवलं होतं. मी गिरणीतला कारकून, गणितात काठावर पास. म्हटलं, मी आहे ना.

"नुसत्या दोन ठिपक्यांवरून चढ कसा कळणार हो?"

मी तिला गॅलरीत नेलं. तिथे कपडे वाळत घालायची वलणीची काठी दोऱ्यांवर जरा तिरपीच टांगलेली. माझ्याकडचं टोक आमच्या दारापासून दुसऱ्या लादीच्या वर, माझ्या डोक्यापासून बारा बोटं उंच. पलीकडचं दहाव्या लादीच्या वर, सोळा बोटं.

"उंचीतला फरक भागिले लाद्यांतला फरक," मी ऐटीत सांगितलं. सोळातून बारा गेले, चार. दोनातून दहा गेले, वजा आठ. "चढ वजा अर्धा. म्हणजे काठी तिकडे उतरत जाते."

बादलीतलं ओलं लुगडं तिनं काठीवर टाकलं आणि बघत राहिली. काठीच्या पोटाखालून पाण्याचे थेंब उन्हात चमकत, एकामागून एक, सावकाश चालत आले. तिकडे नाही, इकडे. आणि माझ्या टकलाच्या सुरुवातीवर पडले.

"मास्तर, आंघोळ राहिली होती काय?" शेजारच्या काकी दारातून म्हणाल्या.

"अहो," ही हळूच म्हणाली, "दोन्ही वेळा एकाच टोकापासून निघायला नको का?"

"तेच सांगणार होतो," मी डोकं पुसत म्हणालो.

पेपराच्या दिवशी कर्फ्यू उठला होता. शाळेच्या फाटकाशी मी दोन तास उभा. ती आली ती अशी शांत, की विचारायचा धीर होईना. हिंदमाताच्या नाक्यापर्यंत आम्ही चालत आलो. शेवटी विचारलंच, "चढाचं गणित आलं होतं?"

"आलं होतं. नुसते दोन ठिपके," ती म्हणाली. "मी डोळे मिटले, आपली काठी टांगली, लुगडं टाकलं. थेंब तुमच्या डोक्यावर पडला, तेव्हा अधिक लिहिलं."