खालचं वरण

पंचफुलाबाई वाढण्याआधी वरण कधीच ढवळत नसत. गंजात, म्हणजे उभ्या पातेल्यात, ते निवांत बसलेलं असायचं, वर पिवळं पाणी आणि खाली घट्ट डाळ. माझ्या ताटासमोर आल्या की पळी सरळ तळाला जायची आणि डाळीचा गोळाच्या गोळा माझ्या भातावर पडायचा. मी हात आडवा धरला तर म्हणायच्या, "जवान मानूस हाय तुमी. बस कायले म्हनता? खालचं पाहुन्याचं असते."

भंडारा जिल्ह्यातल्या कोंढ्याला जनावरांचा डॉक्टर म्हणून माझी पहिली नेमणूक झाली तेव्हा त्यांच्या घराची पुढची खोली मी भाड्याने घेतली. जेवणही त्यांच्याकडेच. मी नाशिककडचा, भाकरीवर वाढलेला. दोन्ही वेळेला भात म्हटल्यावर पहिल्या आठवड्यात माझा चेहरा उतरला होता, तो त्यांनी या खालच्या वरणाने वर आणला. घरात त्यांचे यजमान नामदेवराव, मुलगा पुण्याला कंपनीत म्हणून इथेच राहिलेली सून कल्पना आणि गोठ्यात एक म्हैस. मला सगळ्यांनी पाहुणा ठरवलं होतं आणि ते पाहुणेपण मी मनापासून उपभोगत होतो.

पंचफुलाबाईंना मी मावशी म्हणे. मावशींचं दुसरं वैशिष्ट्य म्हणजे गोड. चहात त्या साखर घालत नसत, साखरेत चहा घालत. पदराच्या गाठीला गुळाचा खडा बांधलेला असायचा. दुपारी चार वाजले की त्यांची नजर भिरभिरू लागे. माझ्या दारात येऊन त्या अगदी सहज विचारत, "डॉक्टर, नाशिकून काही आनलं होतं ना तुमी?" आणलेलं संपून महिना झालेला असायचा, हे त्यांनाही ठाऊक होतं. रक्तातली साखर वाढलेली होती, गोळ्या चालू होत्या. नामदेवराव ओरडले की म्हणत, "मनाले समजते हो. जिवाले समजत नाही."

पण या बाईचा गावात मान वेगळाच होता. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. पोरं मोठी होत असताना प्रौढ शिक्षणाच्या वर्गात त्या वाचायला शिकल्या. तेव्हापासून वर्षावासात, म्हणजे आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होई ते मावशींच्या आवाजात. ओळीखाली बोट ठेवून, शब्दाला घाई न करता त्या वाचत. रोवणीवरून, म्हणजे भातलावणीवरून, थकून आलेल्या बायाही त्या आवाजासाठी थांबत, असं कल्पना सांगायची.

मी आलो त्या वर्षी मात्र त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. वैशाखात नामदेवराव त्यांना भंडाऱ्याला घेऊन गेले. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि साखर उतरल्याशिवाय ऑपरेशन करणार नाही म्हणून सांगितलं. परत आल्यावर मावशी ओसरीवर बसून राहिल्या. विहारात दुसरं कोणी वाचेल, असं नामदेवराव समजुतीने म्हणाले, तर त्यांच्याकडे न बघता बोलल्या, "वाचतीन ना. मी कायले शिकली मंग? बोटानं मुकी ओळ चाचपासाठी?"

त्याच दिवशी त्यांनी गोड सोडलं. गाठीतला गूळ कल्पनाच्या हातावर ठेवला. पहिले काही दिवस आम्ही सगळेच त्यांच्यापुढे जपून वागत होतो. नामदेवराव बिचारे साखरेचा चहा दुसऱ्याच्या घरी जाऊन पिऊन येत.

त्याच सुमारास म्हैस व्याली. तिला ढेप, म्हणजे पेंड, वाढवा आणि थोडा गूळ द्या, असं मी सांगितलं. गूळ आला आणि कमीही होऊ लागला. नामदेवराव मला म्हणाले, "डॉक्टर, म्हैस गूळ खाऊन राहिली का गूळच म्हशीले खाऊन राहिला, काही समजत नाही. अंगावर त काही दिसून नाही राहिलं."

एका दुपारी रेडकाला बघायला मी गोठ्यात गेलो. तणसाच्या ढिगामागे मावशी बसल्या होत्या. तणीस म्हणजे धानाचा पेंढा, इथल्या जनावरांचा रोजचा चारा. त्यांच्या हातात म्हशीचा गूळ होता. मला पाहून त्यांनी तो लपवला नाही, तोंडही पुसलं नाही. डोळे मात्र भरून आले.

"मुक्या जनावराचं चोरून खाऊन राहिली मी," त्या म्हणाल्या. "हात आपोआपच जाते, डॉक्टर. डोळे जातीन म्हनून मालूम हाय, तरी जाते."

माणसांची डॉक्टरकी मला येत नाही. जनावराच्या मालकाला विचारतो तेच मी त्यांना विचारलं, आज काय खाल्लं?

"भात."

"वरण?"

"होतं ना. सगळ्याइचं झाल्यावर उरलं ते. वरचं."

"आणि काल?"

"कालही तेच. रोज तेच रायते. बाईमानूस का खालचं घेते?"

मी खाली बसलो. माझ्या ताटातला तो रोजचा गोळा माझ्या डोळ्यांपुढे आला. मी म्हणालो, "मावशी, या म्हशीला ढेप बंद केली आणि नुसतं तणीस टाकलं तर काय होईल?"

"दूध आटन," त्या लगेच म्हणाल्या. "अन् दिवसभर दिसन त्याले तोंड मारन." मग त्या थांबल्या. हातातल्या गुळाकडे पाहिलं, तणसाकडे पाहिलं आणि रडता रडताच हसल्या. "म्हंजे मी तनसावर हाओ म्हना ना."

पुढच्या खेपेला मी त्यांच्याबरोबर भंडाऱ्याला गेलो. डॉक्टरांनीही तेच सांगितलं. गोळ्या वेळेवर घ्या, भात कमी करा, प्रत्येक जेवणात डाळ, अंडं, मासे, दही, काहीतरी प्रोटीनचं पोटभर खा. पोट तसं भरलं की गोडाची ओढ बरीच कमी होते. मावशींनी ऐकून घेतलं आणि मान डोलावली. "म्हंजे ढेप," त्या म्हणाल्या. डॉक्टर माझ्याकडे बघू लागले. समजावून सांगता सांगता माझी पुरेवाट झाली.

औषध सोपं होतं, पण ते घरात लागू करणं अवघड. सगळ्यांच्या आधी स्वतःच्या ताटात खालचं घ्यायचं म्हणजे मावशींना चोरीहून वाईट वाटे. तो प्रश्न कल्पनाने सोडवला. एक दिवस तिने गंज स्वतःकडे ओढला, चांगलं ढवळलं आणि सासूच्या ताटापासून वाढायला सुरुवात केली. नामदेवरावांनी भात कालवला आणि विचारलं, "आज वरन पातळ झालं काय?"

"पातळ नाही झालं, बाबा," कल्पना म्हणाली. "आज सगळ्याइचं झालं."

दुसऱ्या दिवशी बाजारातून येताना नामदेवरावांनी डाळ जास्त आणली, बरबटी म्हणजे चवळी आणली, आणि बोडीतले, म्हणजे शेततळ्यातले, मासे आणून स्वतः साफ करायला बसले. माझ्या ताटात मात्र मावशी अजूनही ढवळण्याआधी हट्टाने तळाचंच घालत. पाहुणा तो पाहुणा.

चारच्या सुमारास त्या आता उकडलेली बरबटी खात बसत. आधी तोंड वाकडं करून खात, मग नुसत्या खात. पुढे एका लग्नात त्यांनी अर्धी जिलेबी खाल्ली आणि उरलेली पत्रावळीत तशीच ठेवली. नामदेवराव ती गोष्ट गावभर सांगत फिरले. मावशींचं म्हणणं एवढंच, "भुकेलेच मी गोड म्हनत होती इतके दिवस."

साखर उतरली, पण सावकाश. ऑपरेशन लांबलं आणि आषाढ पौर्णिमा हुकली. विहारात कल्पनाने वाचायला सुरुवात केली आणि एका डोळ्याचं ऑपरेशन होऊन पट्टी बांधलेल्या मावशी समोर बसून पाठ असलेल्या ओळींवर ओठ हलवत राहिल्या. श्रावण संपता संपता त्या काळा चष्मा काढून पुढे आल्या आणि ग्रंथ मांडीवर घेतला. ओळीखाली बोट ठेवलं. पहिला शब्द यायला वेळ लागला. मग तो आवाज आला आणि बाया पदराने डोळे पुसू लागल्या. मलाही भरून आलं, ते मी लपवलं नाही.

या वर्षी माझी मोहाडीला बदली झाली. निघायच्या दिवशी शेवटचं जेवण होतं. मी पाटावर बसलो आणि सवयीने तळाच्या पळीची वाट पाहू लागलो. मावशींनी पळी गंजात घातली आणि गोल गोल फिरवली. सगळं वरण एकसारखं होईपर्यंत ढवळलं. आधी स्वतःच्या भातावर घेतलं, मग माझ्या.

मी त्यांच्याकडे पाहिलं.

"खालचं पाहुन्याले देतेत," त्या म्हणाल्या. "घरच्याइले ढवळूनच वाढा लागते. जेव आता, बाबू."

इतक्या दिवसांत त्यांनी मला पहिल्यांदाच 'तू' म्हटलं होतं. मी मान खाली घालून जेवलो आणि आणखी वरण मागून घेतलं.