मुठीतलं पोलाद

टिचकीबापूंना चाकू दाखवला की ते पात्याकडे बघत नसत. ओट्याच्या कडेवर मूठ ठेवायची, पातं बाहेर हवेत राहू द्यायचं, अशी त्यांची रीत होती. मग बापू उकिडवे बसायचे, मुठीवर डाव्या अंगठ्याचा दाब द्यायचे, मान एका अंगाला कलती करायचे आणि नखाने पात्याला एक टिचकी मारायचे. आवाज निघायचा आणि संपायचा. म्हणजे आपल्यापुरता संपायचा. बापू तसेच बसून राहायचे. तो आवाज पुढे कुठेतरी चाललाय आणि ते त्याला वेशीपर्यंत पोचवायला गेलेत, असा चेहरा व्हायचा. दारातली शेळीसुद्धा तेवढा वेळ रवंथ थांबवते, असं मला वाटायचं. तांड्यातल्या लोकांनी त्यांना हे नाव थट्टेने दिलं होतं, पण त्यांच्या टिचकीच्या वेळी हसलेलं मी कुणाला पाहिलं नाही.

तांडा शिरड शहापूरच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पोटाशी. मी शिरडच्या शाळेत विज्ञान शिकवतो. घरात बापू गोरमाटी, म्हणजे बंजाऱ्यांची बोली बोलत, माझ्याशी मराठी. हळद काढायचे दिवस जवळ आले की कुरुंद्याची, हट्ट्याची माणसं विळे-कोयते घेऊन त्यांच्याकडे यायची. बापू लोहार नव्हते. ते फक्त ऐकायचे. पसंत पडलं तर ती वस्तू उचलून पुन्हा मालकापुढे ठेवायची. नापसंत असेल तर तशीच राहू द्यायची, मालकाने मुकाट उचलून घ्यायची. धारेची वस्तू हातातून हातात ते कधीच देत-घेत नसत. "देनाऱ्यानं ठिवायचं, घेनाऱ्यानं उचलायचं," ते म्हणत. "मंग वैर लागत न्हाई."

मी पहिल्यांदा गेलो तो खिशात दुमडायचा चाकू घेऊन. मला जंगलात भटकायचा नाद होता आणि त्या चाकूचा अभिमान. बापूंनी तो उघडला, मिटला, पुन्हा उघडला. "मास्तर, ह्यो तर मधातच गुडघ्यात वाकून राहिला. तुमी येळेला हाक मारान, आन ह्यो नमस्कार करून खाली बसंल." धुरपतामाय, म्हणजे त्यांची बायको, चुलीशी तोंडाला पदर लावून हसली. जंगलात न्यायचा चाकू सबंध, एकपाती पाहिजे, हे मी त्या दिवशी शिकलो.

पुढे एकेक कळत गेलं. हट्ट्याच्या एका तरण्या शेतकऱ्याने हातभर लांब सुरा आणला होता. बापूंनी त्याला विचारलं, "वाघ मारायला चाललास का काकडी कापायला?" त्यांच्या मते मूठ माणसाच्या चार बोटांत बसेल एवढी आणि पातं त्याहून अंगठाभर जास्त असलं की पुरे. त्याहून मोठ्याने बारीक काम होत नाही, लहानाने लाकूड फुटत नाही. मूठ पारखायला ते माणसाला हात तेलात बुडवायला लावत आणि डोळे मिटायला सांगत. घसरली तर नको. चकचकीत पातं त्यांना आवडत नसे. "चमकतंय ते दुसऱ्याला दिसाया असतं. जंगलात आपल्याला काहून दिसायचंय?"

सगळ्यात शेवटची परीक्षा मुठीच्या आतली. पातं मुठीतून शेवटपर्यंत गेलंय की अर्ध्यात संपलंय, हे टिचकीला कळतं, असं ते सांगत. "पोलाद मुठीत शेवटपर्यंत पायजे, मास्तर. अर्ध्यात संपलं ते वरून कितीबी देखनं असू द्या."

त्यांचा स्वतःचा चाकू काळा होता. फिरत्या लोहाराने ट्रकच्या कमानीच्या पट्टीतून तो त्यांच्यासमोर ठोकून दिला होता. दोन बाजूंनी बोरीच्या लाकडाच्या फाकी, तांब्याच्या तीन खिळ्यांनी बसवलेल्या, आणि मधून पोलादाची कड मुठीच्या टोकापर्यंत दिसायची. गंजू नये म्हणून रोज करडईच्या तेलाचं बोट. पात्याच्या पाठीवर गारगोटी घासून ते सावरीच्या कापसावर ठिणगी पाडायचे. माझी काडेपेटी पिशवीतून निघेपर्यंत त्यांच्या चहाला आधण आलेलं असायचं.

तांड्याच्या वर एक घळ आहे. तिला मुकी घळ म्हणतात, कारण तिच्यात पाखरू बोलत नाही. भर दुपारी आत गेलं की आपल्याच श्वासाचा आवाज मागून येतोय असं वाटतं. मी विज्ञानाचा माणूस. तिथल्या कातळाची ठेवण, वाऱ्याला पडलेली आड, हे सगळं मी वर्गात समजावून सांगू शकलो असतो. तरी तिथे मी बापूंच्या पुढे कधी चाललो नाही.

घळीच्या तोंडाशी बापू थांबायचे. चाकूची मूठ दोन बोटांत हलकी धरायची आणि पात्याला टिचकी मारायची. बारीक आवाज आत जायचा आणि दोन श्वासांनी समोरच्या कातळावरून परत यायचा, थोडा जाड होऊन, जणू आतल्या कुणीतरी त्याला हात लावून पाठवलाय. परत आला की बापू आत पाऊल टाकायचे. मी एकदा विचारलं, नाही आला तर? "तर घरी जायाचं. बोलावलंच न्हाई तर काहून जायाचं?"

घळीच्या तळाशी पाण्याची एक झिर आहे. तिथे उतरायला वाट नाही. वरच्या उंबराची मुळं कड्यावरून खाली आली आहेत. बापू त्या मुळांत चाकू खुपसायचे, मुठीवर भार टाकून एक पाऊल खाली घ्यायचे, चाकू उपसून पुन्हा खाली खुपसायचे. चार हात उंची, मग एक कपार, मग आणखी आठ हात. साठी ओलांडलेला माणूस पाल उतरावी तसा उतरायचा. माझ्यासाठी पलीकडून अर्ध्या तासाची वळसा घालून जाणारी पायवाट होती.

आता जे सांगायचं ते सांगतो. आजवर घरातही सांगितलेलं नाही.

चारेक वर्षांपूर्वी मी सुट्टीच्या दिवशी शहरातल्या लोकांना डोंगरात न्यायला लागलो. चूल कशी मांडायची, पाणी कसं शोधायचं, असली शिबिरं. बापू बरोबर असायचे आणि लोक त्यांचेच फोटो काढायचे. नांदेडहून आलेल्या एका पाहुण्याने बापूंचा चाकू ओट्यावरून उचलला, उलटसुलट केला आणि मला म्हणाला, असला आता मिळणार नाही, सर. तुमच्या कमरेला शोभला असता. ते वाक्य माझ्या डोक्यात रुतून बसलं.

माझ्याकडे तेव्हा फोनवरून मागवलेला एक चाकू होता. आरशासारखं पातं, पाठीला करवतीचे दात, मूठ पोकळ. मुठीच्या टोपणात होकायंत्र, आत काड्या आणि सुईदोरा ठेवायची जागा. मी तो एकदाही वापरला नव्हता. तो मागवला त्याच पानावर, खाली, कुणीतरी लिहिलं होतं की लाकूड फोडताना पातं मुठीतून सुटून आलं. पातं मुठीत बोटाच्या पेरभरच जातं, हे मी वाचलेलं होतं. मला माहीत होतं. हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली.

मी तो बापूंच्या ओट्यावर ठेवला. म्हणालो, बापू, तुमचा गंजतो, हा गंजत नाही. दिशा दाखवतो. हा तुम्ही घ्या, तुमचा मला आठवण म्हणून द्या. बापू उकिडवे बसले. टिचकी मारली. "टक्" असा आवाज आला, रिकाम्या डब्यावर खडा पडावा तसा. त्यांनी मान कलती केली नाही. ऐकायला पुढे काही नव्हतंच. ते माझ्याकडे बघत राहिले आणि मी शेळीकडे बघायला लागलो.

मग त्यांनी तो उचलला.

नंतर कमरेचा काळा चाकू काढला आणि ओट्यावर ठेवायला वाकले. तेवढाही धीर मला नव्हता. मी हात पुढे केला आणि त्यांच्या हातातूनच घेतला. चुलीपाशी धुरपतामायची फुंकणी थांबली.

कित्येक दिवस मी मनाला सांगत होतो की त्यांनी तो स्वतः उचलला. रीतच तशी आहे, घेणाऱ्याने उचलायचं. मी फक्त ठेवला.

बापूंनी तो चाकू घळीत वापरला नाही. कोयता नेत आणि माझ्याबरोबर वळशाच्या वाटेने उतरत. गुडघा दुखतोय म्हणत. मला ते बरंच वाटायचं. मग एका शिबिराला अकरा जण आले. चाकूवर उतरणाऱ्या म्हाताऱ्याचं मी त्यांना आधीच रंगवून सांगितलं होतं. माथ्यावर ऊन आलेलं. त्यांना दुपारची गाडी गाठायची होती. मीच बापूंना कोयता ठेवायला लावला आणि चाकू घ्यायला सांगितलं.

घळीच्या तोंडाशी बापूंनी टिचकी मारली. टक्. आम्ही दोन श्वास थांबलो, चार थांबलो. आतून काही आलं नाही. एका बाईने शेजारणीचा हात धरलेला मी पाहिला. बापू वळले.

"मास्तर, आज ऱ्हाऊ द्या का?"

मी म्हणालो, "बापू, लोक थांबलेत."

"बरं," ते म्हणाले. "तुमी म्हनता तर."

पहिले चार हात ते उतरले, कपारीवर टेकले. मग खालच्या मुळात चाकू खुपसला आणि मुठीवर भार टाकला. आवाज काही फार झाला नाही. सुकी शेंग मोडावी तेवढाच. पातं मुळात तसंच राहिलं आणि बापू मूठ घेऊन खाली गेले.

मी वळशाच्या वाटेने पळत, पडत सगळ्यांच्या आधी पोचलो. ते झिरेपाशी एका कुशीवर पडलेले होते, शुद्धीत. मूठ अजून हातात होती. त्यांनी ती डोळ्यांजवळ नेऊन आत बघितलं, जसं विहिरीत बघतात. मागून माणसांचे आवाज जवळ आले तशी त्यांनी ती पटक्याच्या घडीत खोचली. लोक आले, विचारायला लागले. बापू म्हणाले, "पाय घसरला. म्हाताऱ्याचा पाय."

मी तिथेच उभा होतो.

खुबा मोडला होता. त्यानंतर दोन पावसाळे ते खाटेवर होते. मी जायचो, फळं न्यायचो, पाच मिनिटांत उठायचो. चाकूचं नाव त्यांनी काढलं ते एकदाच, शेवटच्या भेटीत. "त्याला तेल देत जा मास्तर. करडईचं. कोरडा ठिवला की खातो तो सोताला." गेल्या उन्हाळ्यात ते गेले. मातीला सगळा तांडा होता. मी मागे उभा होतो.

त्यानंतर मी एकदा घळीपर्यंत गेलो. आत गेलो नाही. तोंडाशी उभा होतो. ऊन बरोबर डोक्यावर आलं आणि समोरच्या कड्यावर, उंबराच्या मुळांत, काहीतरी लखकन् चमकलं. एकदाच, आणि बरोबर माझ्या डोळ्यांत. मूळ त्याच्याभोवती वाढत चाललंय. आणखी काही वर्षांनी ते पातं दिसणारही नाही. पण ते आत असणार. मी तिथून थेट घरी आलो, कपाटातला काळा चाकू काढला, त्याला तेल लावलं आणि दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी टाकून तांड्यावर गेलो.

धुरपतामाय ओट्यावर शेंगा सोलत होती. मी चाकू तिच्यापुढे ठेवला, मूठ कडेवर, पातं बाहेर. आणि सगळं सांगितलं. फोनवर वाचलेलं, ओट्यावरचं, घळीतलं. ती शेंगा सोलत राहिली. माझं संपल्यावर उठली, आत गेली, पत्र्याची पेटी उघडल्याचा आवाज आला. बाहेर येऊन तिने काळ्या चाकूशेजारी ती पोकळ मूठ ठेवली.

"त्यायनं मला त्याच दिशी सांगितलं व्हतं," ती म्हणाली. "ज्या दिशी तुमी दिला. पोकळ हाय म्हने."

"मग घेतला कशाला, माय?"

"मीबी तेच इचारलं. म्हनले, न्हाई उचलला तर मास्तरला कळंल की मला कळलंय. मंग तो पुन्यांदा यायचा न्हाई."

टोपणातल्या होकायंत्राची सुई इतकी वर्षं पेटीत राहून अजून मोकळी होती. ती हलली, थरथरली आणि उत्तर सोडून वळली ती काळ्या चाकूवर येऊन थांबली. माझ्या बाजूला. धुरपतामायने बोटाने मूठ फिरवून दुसरीकडे तोंड केलं. सुई पुन्हा वळून तिथेच आली. लोखंडाजवळ ती तशीच वागते, मी हे दर वर्षी सहावीच्या पोरांना करून दाखवतो. तरी मी ओट्यापासून मागे सरकलो.

मी म्हणालो, "उचला, माय. हा तुमचा आहे."

ती चाकूकडे बघत राहिली. मग म्हणाली, "वाजव."

इतक्या दिवसांत मी त्याला तेल लावलं होतं, पण टिचकी मारली नव्हती. मुठीवर अंगठा दाबला आणि मारली. आवाज निघाला, तोच, बारीक आणि लांब, ओट्यावरून, शेळीवरून, घळीच्या अंगाला गेला. संपला. मी तिच्या तोंडाकडे बघितलं. तिने मान कलती केली होती, अगदी त्यांच्यासारखी, आणि हातातली शेंग तशीच धरली होती. शेळीचं तोंड थांबलं होतं. खूप वेळ गेला.

"काय झालं, माय?"

"अजून परत आला न्हाई," ती म्हणाली. मग शेंग फोडली, दाणे सुपात टाकले. "उचल लेकरा. आला म्हंजी ह्याला घेऊन ये."

मी तो ओट्यावरून उचलला.