अण्णांची चाळीस मिनिटं

मधूअण्णा गेल्याचा फोन त्यांच्या सुनेचा, सुनंदाचा आला तेव्हा मी विद्यानगरातल्या आमच्या घरी दाढी करत होतो. "काका, अण्णा सकाळी उठलेच नाहीत," एवढंच ती म्हणाली आणि रडायला लागली. खरं सांगतो, मला रडू आलं नाही, राग आला. आमच्या मंडळाचा आला, अण्णांच्या मुलाचा आला, आणि अर्ध्या गालाला साबण लावून आरशात जो म्हातारा उभा होता त्याचा सगळ्यात जास्त आला. पाच आठवडे झाले, तो अजून उतरलेला नाही. गेलेल्या माणसावर लिहिताना असं लिहू नये म्हणतात... मग कुठे लिहू?

अण्णा सॅक्सोफोन वाजवायचे. वरातीतला नव्हे, जॅझ. रेल्वेत कारकून म्हणून चिकटले तेव्हा तिथल्या नाचाच्या बँडमध्ये एक गोवेकर मास्तर होता, त्याच्या नादाला लागले ते कायमचेच. घरी आई सोवळ्यातली. तोंड लावलेलं वाद्य म्हणजे उष्टं, ते देवघराच्या भिंतीलासुद्धा टेकवायचं नाही असा तिचा हुकूम. म्हणून वाद्य बाहेरच्या पडवीत आणि रियाझ उणकलच्या तळ्यावर, म्हशींसमोर. "म्हशी बऱ्या रे मास्तर," अण्णा मला म्हणायचे, "मध्येच उठून जात नाहीत." मी शाळामास्तर, त्यांच्याहून सात वर्षांनी लहान, शेजारी. मला त्यातलं काही कळत नव्हतं. एकदा विचारलं, "अण्णा, यात राग कुठला हो?" तर म्हणाले, "राग शोधत बसलास तर गाडी चुकेल. नुसतं ऐक की."

आमचं हुबळी-धारवाड म्हणजे गाण्याचं गाव, हे आम्ही पाहुण्याला चहाच्या आधी सांगतो. या गाण्याच्या गावानं अण्णांना साठ वर्षांत एक सतरंजी टाकून दिली नाही. लग्नात बोलवायचे, सिनेमाची चार गाणी वाजवून घ्यायचे आणि "व्वा अण्णा, साक्षात गळा बोलतो!" म्हणून जेवायला बसवायचे. त्यांची हौस भागायची ती मडगावात. दर दुसऱ्या शनिवारी गाडीत बसून जायचे. तिथे एका हॉटेलाच्या अंगणात फ्रान्सिस नावाचा गिटारवाला आणि आणखी दोघे, सगळे सत्तरीच्या पुढचे, तीन-तीन तास वाजवायचे. मी एकदाच गेलो होतो बरोबर. ऐंशीचा माणूस, पायऱ्या चढताना माझा हात धरणारा, पण वाद्य गळ्यात अडकवलं आणि त्याचे खांदे वर आले. फ्रान्सिस नुसती साथ धरायचा आणि अण्णा त्याच्यावर त्या क्षणी जे सुचेल ते रचत जायचे. लोक खाणं थांबवून ऐकत होते. परतीच्या गाडीत अण्णा म्हणाले, "एकदा हे आपल्या गावात वाजवायचंय रे. चाळीस मिनिटं. खुर्च्यांवर बसलेल्या आपल्या माणसांसमोर. मग मेलो तरी चालेल." मी म्हटलं, "मरताय कशाला? मी घडवून आणतो." मोठ्या तोंडानं म्हटलं.

आणि घडवून काय आणलं, तर सत्कार! अण्णांचं सहस्रचंद्रदर्शन आलं होतं. मंडळात मी विषय काढला, सगळे खूश. रविवारी सकाळी दहाला सत्कार, मग अण्णांचं वादन, मग जेवण. फ्रान्सिस आदल्या दिवशीच गिटार घेऊन आला. सकाळी अण्णा इस्त्रीचा सदरा घालून, नवी रीड घेऊन तयार. रीड म्हणजे बोरूची एक पातळ पट्टी, वाद्याच्या तोंडाशी बसते. वाजवण्यापूर्वी ती तोंडात धरून भिजवावी लागते, कोरडी पडली की सूर फाटतो. पहिला वक्ता उभा राहिला तशी अण्णांनी ती तोंडात धरली. वक्ते किती होते? अकरा! आमच्याकडे एकाला माईक दिला आणि दुसऱ्याला नाही तर दोन घरांतलं येणं-जाणं थांबतं, म्हणून सगळ्यांना दिला. प्रत्येक भाषण संपलं की अण्णा वाद्याकडे हात न्यायचे आणि सूत्रसंचालक पुढचं नाव पुकारायचा. हात परत मांडीवर, रीड परत तोंडात. डोक्याला फेटा, गळ्यात तीन हार, अंगावर शाल, आणि तोंडात ती पट्टी. अध्यक्षांना वाटलं अण्णा सुपारी चघळताहेत. तसं ते बोललेसुद्धा, सगळे हसले. अण्णाही हसले, तोंड न उघडता.

सव्वा वाजता आचारी दारात येऊन उभा राहिला. मसालेभात निवतोय. लोकांची चुळबुळ सुरू झाली, बायका चपला शोधायला उठल्या. सूत्रसंचालक म्हणाला, "आता अण्णा दोन मिनिटं आपली कला सादर करतील." दोन मिनिटं! फ्रान्सिसनं तारा जुळवेपर्यंतच एक गेलं. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मग वाद्य पेटीत ठेवलं, माईकपाशी आले आणि म्हणाले, "जेवण गार होतंय. बसा की सगळे." टाळ्या पडल्या हो! केवढा मोठा माणूस, केवढा साधा, असं जिलबी वाढताना सगळे बोलत होते.

अकरापैकी पहिला वक्ता मी होतो. बावीस मिनिटं बोललो. घरी चार वेळा वाचून पाठ केलेलं प्रास्ताविक, एक वाक्य सोडवेना मला. आणि शेवटचं वाक्य काय? "अण्णांनी आता विश्रांती घ्यावी, ही आपणा सर्वांची प्रेमाची विनंती." कशाला म्हणालो? सत्कारात तसं म्हणतात म्हणून म्हणालो. पण त्यांच्या मुलानं, प्रकाशनं, ते वाक्य उचललं. पुढच्या शनिवारी अण्णा पिशवी भरायला लागले तर तो म्हणाला, "अण्णा, एवढ्या लोकांनी सांगितलं ना, आता बास. वाटेत काही झालं तर लोक मला बोलतील. मास्तरांनीच सांगितलं की नाही?" मी तिथेच बसलो होतो. तेव्हा तरी म्हणायचं होतं, अरे जाऊ दे त्यांना. मी म्हटलं, "प्रकाशचंही बरोबर आहे, अण्णा." अण्णांनी पिशवीतला टॉवेल काढून पुन्हा घडी घातली. "बिडो मारायाऽ," म्हणाले. सोड रे बाबा. त्यांनीच सोडलं. नंतर मी जायचो तेव्हा दूरदर्शनवरच्या बातम्या बघत बसलेले असायचे, आवाज बंद करून. सात आठवड्यांत माणूस संपला. डॉक्टर हृदय म्हणाले. म्हणोत बापडे.

तेराव्यानंतर मंडळानं शोकसभा ठेवली, त्याच सभागृहात. वक्ते नऊ. फ्रान्सिस मडगावहून एकटाच आला होता, गिटार घेऊन. चिटणीसांना म्हणाला, एकच वाजवतो. चिटणीस म्हणाले, "शोकसभेत वाद्य? बरं दिसत नाही हो." तो शेवटच्या रांगेत जाऊन बसला. तिसरं नाव माझं पुकारलं. खिशात कागद होता, लिहून आणला होता मी, निर्लज्जासारखा. माईकपाशी गेलो आणि म्हटलं, "माझा वेळ मी फ्रान्सिसना देतो." आणि खाली बसलो.

चिटणीस अर्धे उठले, पुन्हा बसले. फ्रान्सिस पुढे आला, खुर्ची ओढली आणि वाजवायला लागला. नुसती साथ. अण्णा ज्याच्यावर वाजवायचे ती. वर काहीच नाही, त्यांची जागा तशीच मोकळी सोडलेली. माझ्या शेजारचे गृहस्थ कानात कुजबुजले, "सुरू कधी करणार हो हे?" नऊ मिनिटं वाजवलं त्यानं. एकही माणूस उठला नाही, कुणी रुसलं नाही, आकाश कोसळलं नाही. एक वाक्य बोलायचं आणि खाली बसायचं, एवढंच होतं ते. अण्णा रीड तोंडात धरून माझ्यापासून तीन हातांवर बसले होते, तेव्हाही एवढंच होतं.