कथबर्टच्या नावाचं ताट

फिलोमेनच्या दोन्ही पोरांनी लढाईवर जायचं ठरवलं ते चर्चच्या पायऱ्यांवर. ग्रेनाडाहून आलेला माणूस इंग्लंडच्या राजाला शिपाई हवेत म्हणून ओरडत होता. थोरला कथबर्ट खांद्यानं रुंद, एनोकच्या मासेमारीच्या होडीवर तयार झालेला. त्याला लगेच घेतलं. धाकट्या ॲन्सेलला मिसरूडही फुटलं नव्हतं, त्याला हाकललं. पुढच्या खेपेला तो खोटं नाव नि वाढवलेलं वय सांगून गेलाच. घरी कळलं तेव्हा शिडाची बोट कॅरियाकू बेटापासून लांब गेली होती.

"जाऊ दे गं," शेजारणी म्हणाल्या, "राजाच्या घरचं खाऊन जाडजूड होऊन येतील. तुझ्या पाणचट सारावर किती दिवस जगायचं?"

फिलोमेनही हसली. नवरा समुद्रानं नेला होता. पोरं निदान जमिनीवर असतील, एवढ्यावर तिनं मनाची समजूत घातली.

दोन वर्षं कसली खबर नाही. मग एका पहाटे तिला स्वप्न पडलं. अंगणात शिपायाच्या कपड्यांत कुणी पाठमोरं उभं होतं, निथळत. म्हणालं, "आई, हाडं गोठली. काहीतरी गरम दे." खांदे रुंद होते. ती ओरडली, "कथबर्ट!" पण त्यानं वळून पाहिलं नाही.

मेलेला माणूस स्वप्नात येऊन जेवण मागतो, आणि मागितलं की द्यावंच लागतं. त्यात कॅरियाकूत कुणी वाद घालत नाही. गाव जिला तांती, म्हणजे मावशी म्हणे, त्या म्हाताऱ्या ओदिलनं सगळं सांगितलं. फिलोमेननं कोंबडी शिजवली, मक्याच्या पिठाचे गोळे वळले, तुरीच्या दाण्यांचा भात केला. ढोल वाजले. तांतीनं अंगणाच्या कोपऱ्यात पाणी आणि रम शिंपडून मेलेल्याला हाक मारली, "कथबर्ट, ये, जेव, आणि शांत हो." ताट कोऱ्या कापडावर मांडून खोली बंद केली.

लढाई संपली आणि एके दुपारी कथबर्ट धक्क्यावरून चालत घरी आला.

फिलोमेन त्याला हात लावेना. तोच पुढे झाला.

"आई, भूत नाही मी. हे बघ, घाम येतोय. अंगाला वासही मारतोय." मग खाली बसला. "ॲन्सेल गेला. थंडीनं छाती भरली त्याची, तिकडे छावणीतच. खोट्या नावानं पुरलाय, म्हणून तुला कुणी कळवलं नाही. मलाही उशिराच समजलं. लिहायला हात धजला नाही."

दोन वर्षांत धाकट्याचे खांदे भरले असतील, हे तिच्या मनातच आलं नव्हतं.

ताटाची गोष्ट ऐकून कथबर्ट आधी हसला. "कोंबडी तरी मऊ शिजली होती का?" पण धक्क्यावर एनोकनं त्याला होडीत पाय ठेवू दिला नाही.

"बाबा रे, तुझं नाव मेलेल्यांकडे हाक मारून दिलंय. समुद्र तुला शोधत आला, तर आम्हालाही बरोबर नेईल."

"अरे, मी तुझ्यासमोर उभा आहे ना!"

"उभा आहेस रे. म्हणूनच भीती वाटते."

फिलोमेन तांतीच्या दारात जाऊन बसली. "तांती, नाव परत मागून दे. थोरल्याला सोडव आणि धाकट्याला जेवू घाल."

"दिलेलं ताट परत मागत नाहीत, पोरी. आणि धाकट्यानं पुन्हा मागायला हवं. तो तुझ्या दारात आला होता, तू दुसऱ्याचं नाव घेतलंस."

फिलोमेन पाद्रीबाबांकडे गेली. ते म्हणाले, देव नावात चुकत नाही. तिला ते पटलं. ती रोज प्रार्थना करी. पण पोर उपाशी गेलं ते माझ्या दारातून, देवाच्या नव्हे, असं तिचं मन म्हणे.

ॲन्सेल पुन्हा स्वप्नात आला नाही. ती भर दुपारी पडून राही, डोळे मिटून, तो येईल म्हणून.

कथबर्टला विहिरीवर बायका वाट देत, पण फार दुरून. शेवटी त्यानं त्रिनिदादला जायचं ठरवलं, खनिज तेलाच्या विहिरींवर कामाला. त्याला न ओळखणारी, दुसऱ्या बेटाची बोट मिळेपर्यंत तो धक्क्यावरच झोपला. निघताना म्हणाला, "आई, तिथे मी जिवंत माणूस असेन." तिनं त्याला थांब म्हटलं नाही. कोणत्या तोंडानं म्हणणार?

त्रिनिदादहून सुरुवातीला निरोप आले, मग थांबले. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती विचारी. कुणी म्हणे तो वेनेझुएलाला गेला, कुणी नुसतीच मान हलवी.

पुढे तिचे केस पिकले. एका वर्षी सर्व मृतांच्या सणाला तिनं पुन्हा मक्याचे गोळे वळले, ताट मांडलं. अंगणाच्या कोपऱ्यात पाणी ओतायला उभी राहिली, आणि तोंड उघडेना. ॲन्सेल म्हणावं, तर त्यानं मागितलं नव्हतं. कथबर्ट म्हणावं, तर तो कुठेतरी चालता-बोलता असला तर?

पाणी सगळं सांडून गेलं. ती कुणाचंही नाव न घेता आत आली.