प्रेमसिंगबांच्या घरचं उघडं राउटर

आमच्या तांड्यातले प्रेमसिंगबा फोनवर बोलले की पार दिग्रसला ऐकू जाईल. फोन नसता तरी त्यांचं भागलं असतं. दर वाक्यामागं 'समजलं का' म्हणतात, आणि समोरच्याला समजायच्या आत पुढं निघतात.

दिवाळीत त्यांच्या पुण्यातल्या मुलानं, बादलनं, घरच्या राउटरचं रिमोट मॅनेजमेंट चालू करून दिलं. नेट बिघडलं की तो पुण्यात बसून दुरुस्त करणार. पासवर्ड बांनीच सुचवला, 'जय सेवालाल'. आमच्यात कोणाच्याही दारात पाय ठेवला की तेच तोंडातून निघतं, म्हणजे विसरायची भीती नाही. मग बांनी चहाच्या टपरीवर साऱ्यांना ऐकवलं, "बादल पुण्यातून आमचं नेट फिरवते, समजलं का? आन् पासवर्ड म्हंजे आपला रोजचा नमस्कार."

सोमवारी सकाळी त्यांची धाकटी मुलगी रंजिता नर्सिंगच्या परीक्षेच्या ऑनलाइन क्लासला बसली. मोबाइलवर घरच्या वायफायचं नावच नव्हतं. त्या जागी इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं होतं, 'पोरगी अभ्यास करते का'.

तिनं लॅपटॉप फटकन मिटला आणि बादलला स्पीकरवर फोन लावला.

"दादा, नाव तू बदललं का?"

"मी कायले बदलू? थांब." जरा वेळानं तो म्हणाला, "मलेच आत घेऊन नाही राह्यलं. पासवर्ड बदलला कोणीतरी. बा, तुम्ही कोणाले सांगितलता का?"

"टपरीवर," बा म्हणाले. "सारे आपलेच होते." बांची नक्कल मला जमते, पण तो बारीक आवाज अजून काढता आलेला नाही.

"आपलेच असतीन. पण मी ते दार साऱ्या जगाले उघडं ठेवलं होतं."

रंजिताची आई धुरपताबाई चुलीपासून उठली. "काढा ते डबडं. पोरगी उद्याच मामाच्या गावाले, नेरले जाईन."

"याडी, परीक्षा तोंडावर आहे," रंजिता आईला म्हणाली.

"असू दे. कोण पाहून राह्यलं तुले, मालूम आहे का?"

कोणालाच मालूम नव्हतं. बा टपरीवरचा एकेक चेहरा आठवत होते. लालसिंग हसला होता. हिरासिंगही हसला होता. हसले तर सारेच होते.

राउटरच्या मागच्या बारीक भोकात पिन दाबून धरली की सारं नव्यासारखं होतं, असं बादलनं सांगितलं. धुरपताबाईनं पदराची पिन काढून दिली. बांच्या हातातली पिन भोक सोडून चौफेर टोचत राहिली. शेवटी दिवे विझले, पुन्हा लागले. बादल सांगत गेला तसं रंजितानं सारं परत भरलं, लांबलचक नवा पासवर्डही. रिमोट मॅनेजमेंटसमोरची टिकची खूण मात्र त्यानं लावू दिली नाही.

"बिघडलं त?" बांनी विचारलं.

"मी येईन. तोवर बिघडलेलंच राहू द्या."

"आज क्लासले बस," धुरपताबाई पोरीला म्हणाली. "आणखी एकदा नाव बदललं का डबडं विहिरीत टाकतो मी."

क्लास सुरू झाला. बा काठी घेऊन दारात बसले.

"बा, तो दारातून येत नाही," रंजिता म्हणाली.

"मग कुठून येते ते सांग. तिथं बसतो."