फ्लोट लिस्ट

नवऱ्याला सांगितलं नाही, बहिणीला नाही, देवापुढे बसतानाही या गोष्टीला मी वळसाच घालत आले. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखीच्या माणसांत माझं नाव फार चांगलं आहे — तीच तर अडचण आहे.

दोन हजारच्या दशकात मी लंडनमधल्या एका ट्रायब्युनलच्या ऑफिसात होते. कुठल्या, ते विचारू नका. व्हिसा नाकारलेल्यांची अपिलं तिथं चालायची. कुठलं अपील कुठल्या दिवशी, कुठल्या न्यायाधीशापुढे जाणार हे ज्या टेबलावर ठरायचं, तिथं मी बसायचे. पद मोठं नव्हे, कारकुनीच. हॅरोहून ट्रेनने जायचं, याद्या करायच्या, परत यायचं.

न्यायाधीश कायमच कमी. काम सहा जणांचं, माणसं चार. मग उरलेली अपिलं आम्ही ‘फ्लोट लिस्ट’वर टाकायचो. म्हणजे काय, तर तुम्ही सकाळी दहाला येऊन बसा, एखादा न्यायाधीश मोकळा झाला तर तुमचं ऐकू, नाहीतर घरी जा, पुढची तारीख पत्राने कळेल. लोक कामावर सुट्टी टाकून यायचे, डब्यातलं सँडविच खायचे आणि जायचे. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. इथं पायरी चढून आलेल्यालाही आत कुणी घेत नव्हतं.

निखिल तिथेच भेटला. भेटला म्हणजे — काउंटरच्या काचेपलीकडे उभा राहिला. नागपूरचा मुलगा, सॉफ्टवेअरमधला, वॉटफर्डला राहायचा, घरात लहान मुलगी. त्याच्या बायकोला, मृणालला, कॅन्सर होता आणि तिच्या आईला नागपूरहून तिच्याजवळ यायचं होतं. व्हिसा नाकारला होता. एकटी विधवा बाई, परत जाईलच याची खात्री नाही, असं कारण दिलं होतं. त्याविरुद्ध हे अपील. फाईलमध्ये वरच हॉस्पिटलचं पत्र होतं — आता महिने नाहीत, आठवडे आहेत. मी ते वाचलं होतं. नंतर मला सोयीचं काही बोलावंसं वाटेल, म्हणून आधीच सांगून ठेवते. मी ते वाचलं होतं.

माझा बिल्ला पाहून तो हळूच म्हणाला, “साठे... तुम्ही मराठी ना?”

“युअर रेफरन्स नंबर, प्लीज,” मी म्हणाले.

का? तर शेजारी ब्रेंडा बसली होती. काही महिन्यांपूर्वी मी एका गुजराती आजींची केस सकाळची लावली होती, त्यांना फार वेळ बसवत नव्हतं म्हणून. तेव्हा ब्रेंडा हसून म्हणाली होती, “वन ऑफ युअर्स, इज शी?” थट्टाच होती. पण मला ती लागली. त्या टेबलांवर आपल्याकडची मी एकटी, आणि वरची जागा रिकामी होणार होती. माझ्याकडे कुणी बोट दाखवू नये म्हणून मी आपल्या लोकांशी दुप्पट कडक वागायला लागले. त्याला मी निःपक्षपातीपणा म्हणायचे. छान शब्द आहे, नाही?

पहिल्या खेपेला निखिलची फाईल फ्लोटवर होती तेव्हा खरोखरच कुणी मोकळं झालं नाही. तो दिवस माझ्या माथी नाही. मला दुसऱ्या दिवसाचं सांगायचंय, म्हणून तर इतका वेळ इकडचं तिकडचं बोलतेय.

तीन आठवड्यांनी तो परत आला. साडेअकराच्या सुमाराला तीन नंबरच्या खोलीतली केस बारगळली, न्यायाधीश मोकळे झाले आणि निरोप आला — फ्लोटवरची एक फाईल पाठवा. एकच. माझ्या हातात दोन होत्या. वरची मृणालच्या आईची. खालची लेगॉसच्या एका गृहस्थांची. त्यांना भाचीच्या लग्नाला यायचं होतं, आणि ते लग्न होऊन महिना उलटला होता. ब्रेंडा बघत होती. बघत होती का? की नुसती चहा ढवळत होती? आजही सांगता येत नाही. मी खालची फाईल काढली आणि पाठवून दिली.

मग काउंटरवर जाऊन निखिलला सांगितलं, आज जज नाहीत. इंग्रजीतच सांगितलं. दुसऱ्या माणसाला आत बोलावलेलं त्याने पाहिलं होतं, पण त्याने काही विचारलं नाही. इथं सगळं नियमाने चालतं, असं वाटत असावं बिचाऱ्याला. जाताना थँक यू म्हणाला.

पुढच्या तारखेच्या दहा दिवस आधी मृणाल गेली. निखिल तारखेला आला, अपील मागे घ्यायला. पोस्टानेही चाललं असतं. फॉर्मवर सही करता करता म्हणाला, “शेवटी शेवटी तिला वाटायचं, आई आलीय आणि स्वयंपाकघरात आहे. हाका मारायची.” मी शिक्का मारला आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

एवढ्यावर थांबले असते तर नुसती भित्री ठरले असते. पण मी थांबले नाही.

आणखी न्यायाधीश नेमता यावेत म्हणून तेव्हा कायदा करायचं घाटत होतं. आमच्या साहेबांकडे वरून विचारणा आली — उशीर होतो तेव्हा माणसांचं काय होतं, त्याचं एखादं खरं उदाहरण द्या. ते मी दिलं. मन लावून दोन पानं लिहिली. दोन्ही तारखांना एकही न्यायाधीश उपलब्ध नव्हता, असं लिहिलं. नाव वापरायची परवानगी हवी म्हणून निखिलला फोन केला, आणि त्या फोनवर मात्र मराठीत बोलले. गोड बोलले. तो म्हणाला, “वापरा ना ताई. दुसऱ्या कोणाची आई तरी टाइमवर पोचेल. तुम्ही आपल्या आहात म्हणून एवढं करताय.”

कायदा झाला. माझ्या दोन पानांनी झाला, असं नव्हे. न्यायाधीश आले, फ्लोट लिस्ट आखूड झाली, मला वरची जागा मिळाली. आमच्या मंडळाने गणपतीत शाल-श्रीफळ देऊन माझा सत्कार केला. त्या नारळाच्या मी वड्या केल्या. घशाखाली उतरल्या नाहीत वगैरे काही नाही — छान झाल्या होत्या, दोन दिवसांत संपल्या.

कुणी म्हणेल, ती फाईल आत गेली असती तरी निकाल बाजूने लागला असता कशावरून? तिकीट काढून आई वेळेवर पोचली असती कशावरून? ही वाक्यं मला पाठ आहेत. मीच ती तयार केली आहेत.

पुढच्या वर्षी मृणालची आई आली, चार वर्षांच्या नातीजवळ राहायला. या खेपेला व्हिसा पंधरा दिवसांत मिळाला. निखिल त्यांना मुद्दाम हॅरोला आमच्या घरी घेऊन आला, माझे आभार मानायला. किरकोळ बांध्याच्या बाई, मास्तरीण असाव्यात तशा ताठ बसलेल्या. चहा झाल्यावर त्यांनी माझा हात धरला.

“एक विचारू का? त्या दुसऱ्या तारखेला अख्ख्या दिवसात एकही न्यायाधीश मोकळा झाला नाही का हो?”

संशय नव्हता त्यात. त्यांना फक्त एकदा माहीत करून घ्यायचं होतं. निखिलही माझ्याकडे बघत होता, आणि नवरा आत होता, आणि ब्रेंडा तर त्या घरात कुठेच नव्हती.

“नाही हो काकू,” मी म्हणाले. “एकही नाही.”

“मग पोरीचं नशीबच म्हणायचं,” त्या म्हणाल्या.

मी मान डोलावली.